मटण मोजून, रस्सा मागेल तितका

कोल्हापूरकडच्या खाणावळीत एक करार असतो. तो कुठं लिहिलेला नसतो, पण मोडला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. मटण मोजून मिळतं, रस्सा मागेल तितका. वाटीत किती फोडी आल्या हे गिऱ्हाईक डोळ्यांनी मोजतं, आम्ही आत डावानं मोजलेलं असतं. तांबड्या-पांढऱ्याची बादली मात्र पंगतीतून फिरत राहते. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं. पुण्याकडचा पाहुणा एका वाटीतला पांढरा रस्सा पुरवून पुरवून घेत बसतो, भाकरी संपायच्या आत तो संपेल या धास्तीनं. शेवटी शेजारच्या गावकऱ्यालाच ते बघवत नाही. तो वाढप्याला हाक मारतो, "आरं, ह्यास्नी वाढ की! कवाधरनं वाटी रिकामी हाय."

आमची खाणावळ पेठ वडगावात, बाजारपेठेला लागून. सासऱ्यांनी सुरू केलेली. मी सून म्हणून आले तेव्हा पहिली काही वर्षं माझं जग काठवट आणि तवा एवढंच होतं. पुढं आचारी सोडून गेला म्हणून पातेल्यापाशी गेले, आणि सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा गल्ल्यावर बसले. तव्यापाशी माणसं दिसत नसत, नुसत्या "दोन भाकरी", "चार भाकरी" अशा आरोळ्या ऐकू यायच्या. गल्ल्यावर माणसं दिसायला लागली. मग लक्षात आलं की खाणावळीतली भांडणं, लळा, लबाडी, सगळं या न मोजलेल्या रश्शाभोवतीच फिरतंय.

रस्सा होतो कसा ते आधी सांगते. तांबडा आणि पांढरा हे दोन वेगळे पदार्थ आहेत असं खाणाऱ्याला वाटतं, पण दोघांची आई एकच, अळणी. तेलात आलं-लसूण, हळद, मीठ घालून मटण परतायचं, पातेल्यावर परात ठेवायची आणि परातीत पाणी ओतायचं. खाली मटण अंगच्या पाण्यात शिजायला लागतं, वर पाणी तापतं. तेच तापलेलं पाणी मग आत सोडायचं. गार पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, मटण निबर होतं. शिजून झाल्यावर जो पातळ पिवळसर रस राहतो ती अळणी. घरात लहान पोरांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तीच वाटीभर देतात. खाणावळीत तिचे दोन भाग होतात. एकात नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि दालचिनी, लवंग, मिरीची फोडणी. तो पांढरा. नारळाचं दूध पडल्यावर त्याला खळखळा उकळू द्यायचं नाही, फुटतो. म्हणून एक माणूस पळी हलवत तिथंच उभा लागतो, आणि तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली तरी त्यानं जायचं नसतं. दुसऱ्या भागात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, धने यांचं वाटण आणि कांदा-लसणाची लाल चटणी. तो तांबडा.

चटणी उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला. किती कुठली घ्यायची ते सासूबाईंच्या हातात होतं, तराजूत नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांच्या नकळत मी प्रत्येक ढिगाचं वजन करून वहीत लिहून घेतलं. त्यांना कळलं तेव्हा चिडल्या नाहीत, हसल्या. "मिरची दर साली येगळी असती," म्हणाल्या, "वही काय करनार?" पुढच्या वर्षी खरंच तसंच झालं. पाऊस लांबलेला, मिरचीला अंगचा तिखटपणा कमी, आणि वहीबरहुकूम केलेली चटणी नुसतीच लाल. मिरची मोडून बी जिभेवर ठेवायची आणि मग ठरवायचं, हे मी त्यानंतर शिकले. वही अजून आहे, धोब्याचा हिशेब लिहायला.

कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक तांबडा रस्सा आधी डोळ्यांनी खातं. वर कट किती आलाय ते बघतं. हा कट चांगल्या मिरचीचा, तेलात चटणी नीट परतल्याचा असतो. घाई केली की येत नाही. मग काही जण खाण्याचा रंग घालतात. ओळखायची खूण सांगते: भाताच्या कडेला तांबडा लावून ठेवा, रंगाचा असला तर गुलाबी ओघळ पळतो. आमच्याकडं रंग नाही घातला कधी, पण दुपारी तीननंतर रस्सा पातळ होतो हे मात्र कबूल करायला हवं. उकळतं पाणी, मूठभर वाटण, पळीभर कट. सगळ्याच खाणावळीत होतं. म्हणून ओळखीची माणसं साडेबाराच्या आत येतात.

आता हिशेब. हाडासकट एक किलो मटणाची सात-आठ ताटं होतात, त्याहून जास्त केलीत तर गिऱ्हाईक वाटीत बोट फिरवून दाखवतं. मटणात सुटतं थोडंच. आणि रस्सा फुकटचा दिसला तरी फुकटचा नाही. खसखस, काजू, नारळ यांचे भाव ऐकले की कळतं की पांढरा हा तांबड्यापेक्षा महागाचा पाहुणा. काही जण तो चहासारखा ग्लासानं पितात. गल्ल्यावर नवी होते तेव्हा अशा माणसाच्या ग्लासाकडं माझी नजर जायची. सासऱ्यांनी ती पकडली. "मानसाचा हिशेब धरू नगं," म्हणाले, "पंगतीचा धर." एक जण चार वाट्या पितो, दुसरा अर्ध्यात उठतो, तिसऱ्याला डॉक्टरनं बंदी घातलेली असते. रात्री पातेलं रिकामं झालं का आणि गल्ला भरला का, एवढंच बघायचं. मी पुढं कितीतरी वर्षं हाच हिशेब धरला आणि तो फारसा चुकला नाही.

चुकला तो मटणाच्या भावानं. २०१९ संपता संपता कोल्हापुरात मटणाचा दर सहाशेच्या घरात गेला आणि लोक रस्त्यावर उतरले. कांद्यासाठी, उसाच्या दरासाठी आंदोलनं आपण बघतो. मटणाच्या दरासाठी कृती समिती स्थापन होते, दुकानं दिवस दिवस बंद राहतात आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागतं, हे आमच्याच जिल्ह्यात. बाहेरच्यांनी त्यावर विनोद केले. आम्हाला त्यात विनोदाचं काही दिसलं नाही. रविवारचं मटण हा इथल्या मजुराचाही हक्काचा खर्च आहे, आणि तो त्याच्या हातून निसटत होता. खाणावळीत त्याचा परिणाम असा झाला की दोघांत एक मटण ताट आणि एक झुणका-भाकरी असं मागवणारी माणसं वाढली. रस्सा दोघंही खाणार. वाढप्यानं विचारलं, "झुनक्याला रस्सा द्यायचा का?" मी म्हटलं, दे.

वडगावचा बाजार सोमवारचा. जनावरांचा बाजार जुना आणि मोठा. बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, आणि त्यांच्याबरोबर पंचक्रोशीतली माणसं. आता गंमत अशी की सोमवार हा शंकराचा वार. निम्मी माणसं वशाट खात नाहीत आणि निम्म्यांना बाजार म्हणजेच मटण. म्हणून सोमवारी आमच्याकडं दोन चुली, दोन डाव, आणि दाराजवळची दोन बाकडी शाकाहारी. सोमवार पाळणारा माणूस मटणवाल्याच्या शेजारी बसायला हरकत घेत नाही, पण डाव वेगळाच पाहिजे. एकदा घाईत आमटीच्या पातेल्यात तांबड्याचा डाव गेला. आचाऱ्यानं कुणी बघितलं नाही म्हणून ढवळून टाकलं. सासूबाई तव्यापासून उठल्या आणि ती आमटी अख्खी मागं ओतून आल्या. एवढ्या बाजाराच्या गर्दीत! पुढचा तासभर शाकाहारी बाकड्यांना पिठल्यावर भागवलं.

कोणाचं जनावर विकलं गेलं आणि कोणाचं नाही, हे विचारावं लागत नाही. विकलेला माणूस उजव्या हातानं जेवतो आणि डावा हात घटकेघटकेला बंडीच्या आतल्या खिशावर जातो. नोटा आहेत ना. सुक्कं जादा मागवतो, बरोबरच्या दलालाचं बिल आपण भागवतो आणि निघताना घरी पार्सल नेतो. न विकलेला येतो तो उशिरा. जनावर बाहेर कुणाच्या तरी ताब्यात असतं, त्याचं लक्ष तिकडं. तो फडकं सोडून घरची भाकरी काढतो आणि विचारतो, "रस्सा मिळंल का नुसता?"

घरची भाकरी आणि खाणावळीचा रस्सा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. नुसत्या रश्शाचे पैसे सासरे घेत, अगदी नाममात्र. फुकट दिलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांचं म्हणणं, फुकट दिला की तो दुसरी वाटी मागत नाही. पैसे दिले की हक्कानं मागतो. हे मी नंतर पुष्कळदा पारखून बघितलं. दया दाखवून वाढलेल्या वाटीवर माणूस खाली मान घालून जेवतो आणि लवकर उठतो. दोन रुपये दिलेला माणूस ओरडतो, "वैनी, कट हाय का संपला?" मला दुसरा आवडतो.

बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका मात्र कधी आत आल्या नाहीत. वारणाकाठच्या गावांतून पहाटे येणाऱ्या, दिवसभर उन्हात बसणाऱ्या. त्यांचं जेवण आमच्या मागच्या दारी. पायरीवर बसून, पदर सावरत, आपापसांत भाकरी वाटून. रस्सा द्यायला मीच जायची, कारण वाढपी पोरं मागं जायला लाजायची. त्या बायकांनी मला जेवढं शिकवलं तेवढं आचाऱ्यानं नाही. "मीठ आज हात राखून पडलंय," "खोबरं खवट हाय, बदल," असं तोंडावर सांगायच्या. पुढच्या दारचं गिऱ्हाईक रस्सा बिघडला तर काही बोलत नाही, नुसतं दुसऱ्या खाणावळीत जातं.

मग 'फॅमिली रूम' आली. सगळ्यांनी केली म्हणून आम्हीही केली. प्लायवूडची भिंत, हिरवा पडदा, आत तीन टेबलं आणि एक पंखा जो कधी नीट चालला नाही. बाईमाणूस आलं की पडद्याआड. एकदा बँकेत नव्यानं बदलून आलेल्या एक बाई एकट्याच जेवायला आल्या. वाढप्यानं पडद्याकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी एकटी आहे, फॅमिली कुठंय?" आणि बाहेरच, पंख्याखालच्या टेबलावर बसल्या. समोरच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबली. कुणी वाईट वागलं नाही, पण कोपरं आखडली, आवाज उतरले. ताट गेलं, मटण गेलं, आणि बादली घेऊन फिरणारा पोरगा त्यांच्या टेबलाला वळसा घालून पुढं गेला. दोनदा. बाईला "रस्सा वाढू का?" असं विचारायचं कसं, याचीच त्याला लाज. मी गल्ल्यावरून उठले, बादली हातात घेतली आणि विचारलं. त्यांनी तांबडा दोनदा घेतला, पांढरा नको म्हणाल्या. पुढं त्या बदली होईपर्यंत येत राहिल्या. त्यांच्यामागून शाळेतल्या शिक्षिका येऊ लागल्या, मग दवाखान्यातल्या नर्स. पडदा एका दिवाळीत धुवायला काढला तो परत लावला नाही. प्लायवूड अजून आहे, त्याला कॅलेंडर लावतो.

भाजीवाल्या बायका मात्र अजून मागच्याच दारी बसतात. आत या म्हटलं तर म्हणतात, "तिथं पाय पसरून बसता येत न्हाई." यात किती खरं आणि किती सवय, ते मला ठरवता आलेलं नाही.

रश्शाची पळी किती उंचावरून रिकामी होते, यावरून एके काळी माणसाची जात कळायची. हे मला सासूबाईंनी सांगितलं, त्यांनी त्यांच्या माहेरच्या गावात बघितलेलं. काही माणसांना पंगतीत जागा नव्हती. बाहेर कट्ट्यावर बसायचं, आपलं भांडं पुढं धरायचं, आणि वाढणारा हात भांड्याला लागू नये म्हणून वरून धार सोडायची. गरम रस्सा हातावर उडायचा. चहाच्या दुकानांत कप वेगळे, ते बाहेर खुंटीला.

हे ज्या मुलखात चालायचं त्याच मुलखात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा सगळ्यांदेखत घेतला होता. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं आणि कोल्हापुरात त्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराजांनी आपली गाडी तिथं थांबवायला सुरुवात केली. स्वतः प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. पुढं मार्च १९२०मध्ये आमच्याच हातकणंगले तालुक्यात, माणगावला परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज हजर होते. ही इतकी जवळची गोष्ट आहे.

तरीही गल्ल्यावर बसलं की एक प्रश्न अजून कानावर येतो. फार गोड आवाजात येतो. लग्नाच्या, बारशाच्या जेवणाची ऑर्डर द्यायला आलेली चांगली शिकलेली माणसं सगळं ठरवून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारतात, "आचारी कोण हाय तुमचा? कुठला?" गावाचं नाव सांगितलं की आडनाव विचारतात. सुरुवातीला मी भाबडेपणानं सगळं सांगायची. आता म्हणते, "मीच करते, चव बघा." एका घरानं तेवढ्यावरून ऑर्डर दुसरीकडं नेली. नेऊ दे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात वेगळीच पंगत बसली. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता आठवडाभर बंद पडला. ट्रकांच्या रांगा मागं वाठार, किणीच्या दिशेला वाढत गेल्या. इकडं वारणेनंही काठ सोडलेला, निलेवाडीसारख्या गावांतली माणसं जनावरांसकट बाहेर काढलेली. श्रावण नुकताच लागलेला, त्यामुळं आमचं मटणाचं पातेलं तसंही पालथं होतं. गावोगावची तरुण मंडळं ट्रकवाल्यांना जेवण पोचवत होती, त्यात आम्हीही पातेली दिली आणि हात दिले. पहिल्या दिवशी झुणका-भाकरी आणि आमटी केली. तामिळनाडूचे ड्रायव्हर भाकरी हातात धरून उलटसुलट बघत बसले. दुसऱ्या दिवशी भात वाढवला. आमटीला त्यांनी चिंच मागितली, राजस्थानच्या ड्रायव्हरांनी तूप विचारलं, केरळच्या एकानं नारळ फोडून स्वतःच वाटण घातलं आणि त्या दिवशीची आमटी आमच्या आचाऱ्याला इतकी आवडली की त्यानं तांदळाचं पोतं उचलून द्यायच्या बदल्यात ती दोनदा शिकून घेतली. भाषेचा प्रश्न आला नाही. वाढायला उभं राहिलं की तळहात आडवा म्हणजे बस, ओंजळ पुढं म्हणजे अजून. सगळ्या देशाला तेवढं येतं.

गॅस मात्र मिळेना. मागच्या अंगणात जुनी चूल पेटवली. पावसानं लाकडं ओली, धुरानं डोळे गेले. गॅस यायच्या आधी सासूबाईंनी रोज हेच केलं असेल हे मी तोवर ऐकून होते, अंगावर घेतलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पैसे द्यायला आलेल्या एका सरदारजीला सासऱ्यांनी त्यांचा नेहमीचा हिशेब सोडून नको म्हटलं. माणसानं दुसरी वाटी हक्कानं मागावी म्हणून पैसे घ्यायचे, हा त्यांचा नियम. "मग आत्ता का न्हाई?" मी विचारलं. म्हणाले, "रस्ता बंद असल्यावर समदा हक्कच असतोय." नियम कुठं लागू होतो हे त्यांनी कधी वहीत लिहून ठेवलं नाही, त्यामुळं त्यांच्यामागं माझी पंचाईत होते.

धंद्याची भरती-ओहोटी इथं ऊस ठरवतो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, तोडणीवाले, मुकादम यांची ये-जा. कारखान्याचं बिल खात्यावर जमा झालं की त्या आठवड्यात कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला येतात आणि मागच्या उधाऱ्याही चुकत्या होतात. बिल लांबलं की उधारीची वही जाड. महिन्याचे 'मेंबर' पूर्वी पुष्कळ असत: मास्तर, एसटीतले कंडक्टर, बँकेतले एकटे राहणारे. मेंबरला रोज तेच ताट, आणि त्याची जागा ठरलेली. आता ते सगळे कोल्हापूर, इचलकरंजीतून दुचाकीवर जाऊन-येऊन करतात. मेंबर संपले तसं रश्शावर बोलणारं गिऱ्हाईक संपलं. नवीन गिऱ्हाईक बोलत नाही, फोटो काढतं. कट फोटोत चांगला येतो.

आणि पार्सल. पार्सलनं आमच्या कराराची पंचाईत केली. बसून जेवणाऱ्याला मागेल तितका रस्सा, पण पिशवीत मागेल तितका म्हणजे किती? रानातल्या पार्ट्यांना चार ताटं पार्सल जातात आणि जेवणारे दहा असतात. एक गृहस्थ दर बुधवारी येतात, एक ताट पार्सल सांगतात आणि दुधाची पाच लिटरची किटली पुढं ठेवतात. "तांबडा ह्यात द्या." पहिल्यांदा मी हसले. मग दर बुधवारी हसू येईनासं झालं. धाकटा मुलगा आता गल्ल्यावर माझ्याबरोबर असतो, हिशेब मोबाईलवर ठेवतो. कुठल्या दिवशी किती नारळ, किती काजू, किती ताटं, सगळं त्याच्याकडं आहे. त्यानं दाखवून दिलं की बुधवारी पांढऱ्याचा खर्च ताटांच्या हिशेबात बसत नाही. पंगतीचा हिशेब पंगतीपुरता खरा, पंगतीत जो बसलाच नाही त्याचा कसा धरायचा? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून पार्सलचा बोर्ड लावला. ताटामागं दोन वाट्या रस्सा, जादा हवा तर वेगळे पैसे. पहिले काही दिवस लोक बोर्ड वाचून माझ्याकडं बघत, जणू मीच गुळाला मीठ लावलंय. नंतर सवय झाली.

किटलीवाले गृहस्थ दोन बुधवार आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी आले, किटली नव्हती. बरोबर बायको आणि दोन पोरं. चौघं आतल्या टेबलावर बसले आणि एक ताट सांगितलं. जादा भाकऱ्या सांगितल्या, त्यांचे पैसे वेगळे. मटणाच्या फोडी पोरांच्या पुढं सरकवल्या. वाढपी बादली घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. चौघांपुढं वाट्या गेल्या, चौघांनी दोनदा-तीनदा रस्सा घेतला, धाकट्या पोरानं पांढरा ग्लासानं प्यायला. आता ते दर बुधवारी येतात. आमचा धाकटा म्हणतो, दुसरा बोर्ड करू, 'एका ताटावर एकच माणूस'. मी म्हणते, तो बोर्ड या भिंतीवर लागणार नाही. तो मोबाईल पुढं करून आकडे दाखवतो. मी म्हणते, भाकऱ्यांचे पैसे त्यात धरलेस का? त्यानं धरले नव्हते. आता धरून बघतोय.